देव मानावा की न मानावा? आपल्याच बायांनी विचारलेला जुना प्रश्न

भाकऱ्या झाल्या असतील तर दोन मिनिटं चुलीपासून बाजूला या आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवा.

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आजचा विषय हप्त्यांचा नाही, पण तोही एका गटाच्या बैठकीतूनच आला आहे. आम्ही पालघर, बोईसर आणि तारापूर भागातल्या गटांचं काम पाहणाऱ्या समन्वयक. वह्या तपासणं, बँकेच्या फाइली पुढे सरकवणं हे आमचं रोजचं काम. पण गेल्या वर्षी एका बैठकीत असा प्रश्न उभा राहिला की वही उघडायच्या आधीच बैठक थांबली.

बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावरचा हा गट. अकरा बाया. कुणी भाताच्या शेतीत, कुणी वीटभट्टीवर, दोघी-तिघी एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या. आठ वर्षं गट नीट चाललेला. बैठक सुरू होताना सगळ्या उभ्या राहतात, हात जोडून प्रार्थना म्हणतात, मग बचत गोळा होते. त्या दिवशी एक जण उठलीच नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

तिचा नऊ वर्षांचा मुलगा श्रावणात गेला होता. जमिनीवर झोपलेला असताना रात्री त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश पुष्कळदा धड दिसत नाही, सूजही येत नाही. पोरगा पोटात दुखतं म्हणाला. घरच्यांनी भगताला बोलावलं. अंगारा लावला, नारळ ठेवला, देवीला कोंबडं बोललं. पहाटे पोराच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा सगळे गाडी शोधायला धावले. तोवर उशीर झाला होता.

“मी आता हात जोडणार नाही,” ती म्हणाली. “त्या रात्री जोडले होते. तेव्हा तो कुठे होता?”

कुणाला काय बोलावं सुचेना. गटातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, “असं नको बोलू बाय. त्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही. नवरा दारू पिऊन मारायचा तेव्हा मला कोणी होतं का? मी रोज देवीशी बोलायची, म्हणून तर जगले.”

दोघींचंही खरं होतं. पण पुढे गोष्ट वेगळ्या वळणाला लागली. गटाचं बँकेचं कर्ज लांबलं. एकीची शेळी मेली. मग विहिरीवर कुजबुज सुरू झाली की ही देवाला मानत नाही, हिच्यामुळेच हे होतंय. आणि एके दिवशी कुणाच्या तरी तोंडातून तो शब्द निघाला, “भुताळी.”

हा शब्द आपल्याकडे काय करू शकतो ते तुम्हाला सांगायला नको. या शब्दापायी बायांनी मार खाल्ला आहे, गाव सोडलं आहे. म्हणून आम्ही ठरवलं की हा विषय टाळायचा नाही. आमच्यातल्या काही जणींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. जुनी पुस्तकं पुन्हा काढली आणि शोधलं, की देव मानावा की मानू नये हा प्रश्न आपल्याआधी कुणी विचारला होता का, आणि विचारणाऱ्यांचं पुढे काय झालं. जे सापडलं ते आज सांगतो.

प्रश्न विचारणाऱ्या मुली आणि बाया

पहिली गोष्ट अशी कळली, की देवाशी भांडणं हे काही शहरातून आलेलं नवं खूळ नाही. वारकरी संतांमध्ये जनाबाई होती. नामदेवांच्या घरी राबणारी. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर दळायला बसतो, शेण्या वेचतो. ज्या बाईला घरात कुणी मदतीला नाही, तिने देवालाच कामाला लावलं. चोखोबांची बायको सोयराबाई हिने तर विटाळावरच बोट ठेवलं. माणसाचा देह विटाळातूनच जन्माला येतो, मग शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, असा तिचा रोख होता. या दोघींनी देव सोडला नाही. त्याला गप्प बसूही दिलं नाही.

मग येते ती १८५५ सालची गोष्ट. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजाची मुलगी शिकत होती. वय १४ वर्षं, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचा मुद्दा साधा होता. वेद आमचेच, दुसऱ्याने ते पाहायचेसुद्धा नाहीत, असं ब्राह्मण म्हणतात. मग आमचं पुस्तक कोणतं? आमचा धर्म कोणता? आम्हाला धर्मच नाही असं समजायचं का? आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्परही नसतं, हेही तिने लिहिलं. एका लहान मुलीने विचारलं की देव आहे तर तो नेमका कुणाचा आहे. आज तिला आपण मुक्ता साळवे म्हणून ओळखतो.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. नवरा हाच बाईचा देव असं सगळे शिकवत होते. ताराबाईंनी उलट विचारलं, की नवऱ्याला देव व्हायचं असेल तर त्याने देवासारखं वागायला नको का? बाईने पूजा करायची आणि देवाने लाथ मारायची, हा कुठला न्याय? आमच्या बैठकांमध्ये हे वाचून दाखवलं तर बाया आधी हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

दुष्काळात मोडलेली श्रद्धा

सगळ्यात जास्त आमच्या मनात राहिली ती पंडिता रमाबाईंची गोष्ट, कारण ती आपल्या पाड्यावरच्या त्या आईच्या जवळची आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. मग दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात, देवदेव करण्यात संपलं. देव प्रसन्न होईल म्हणून उपास, जप, प्रदक्षिणा सगळं झालं. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले आणि पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पण आतून तिचा जुन्या देवांवरचा विश्वास उडाला होता. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं, तरी माणसं उपाशी मेली. मग शास्त्र खरं कसं?

कुठल्याही काळात, कुठल्याही धर्मात देव न मानणाऱ्यांचा हा सगळ्यात जड प्रश्न आहे. देव दयाळू आहे आणि त्याच्या हातात सगळं आहे, तर निष्पाप लेकरू का मरतं? याला उत्तरं पुष्कळ दिली गेली. गेल्या जन्माचं पाप, देवाची परीक्षा, त्याची लीला. पण मेलेल्या लेकराच्या आईला यातलं एकही उत्तर पुरत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

रमाबाईंची गोष्ट मात्र इथे संपत नाही. नवरा वारल्यावर त्या लहान मुलीला घेऊन १८८२ साली पुण्यात आल्या, बायांसाठी आर्य महिला समाज काढला. पुढे इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली तिथे ख्रिस्ती झाल्या. म्हणजे त्या देव न मानणाऱ्या झाल्या नाहीत, त्यांनी दुसऱ्या वाटेने देव शोधला. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण गंमत पाहा, नव्या धर्मातही त्या मुकाट बसल्या नाहीत. तिथल्या धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी सांगितलेलं पटल्याशिवाय मानायचं नाही, हा त्यांचा हट्ट शेवटपर्यंत होता. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि दुष्काळात टाकून दिलेल्या बाया-मुलींना तिथे आसरा दिला. स्वतःचं घर दुष्काळाने खाल्लं होतं, तिने दुसऱ्यांच्या लेकी वाचवल्या.

एक देव मानणारा, एक न मानणारा

आता दोन पुरुषांबद्दल सांगतो. दोघांनी बायांच्या बाजूने आयुष्य घातलं, पण देवाच्या बाबतीत दोघांचं मत वेगळं होतं.

जोतीराव फुले देव मानत होते. त्याला ते ‘निर्मिक’ म्हणायचे, म्हणजे निर्माण करणारा. एवढं मोठं जग, हे तारे, ही माणसं कुणीतरी घडवली असणारच, असं त्यांचं म्हणणं. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटजी, दलाल कुणी नको. बाप आपल्या लेकरांत भेद करत नाही, मग निर्मिक बाई आणि पुरुष, वरची जात आणि खालची जात असा भेद कशाला करेल? २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापलं गेलं. त्यात एका घराचं चित्र आहे. त्या घरात बाईला बुद्धाचा धर्म पटला तर तिने तो घ्यावा, नवऱ्याला ख्रिस्ताचा पटला तर त्याने तो घ्यावा, मुलीने हवं तर मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि तरी सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका घरात राहावं. मैत्रिणींनो, हे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. आपल्या गटाच्या बैठकीत हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, आदिवासी बाया एका सतरंजीवर बसतात, तेव्हा आम्हाला हे घर आठवतं.

दुसरे गोपाळ गणेश आगरकर. कराडजवळच्या टेंभू गावचे, गरिबीत वाढलेले. देव आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून आपण ते धरून चालायचं नाही, अशी त्यांची भूमिका. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढलं. देवाच्या कल्पना कशा तयार झाल्या यावर त्यांनी लेख लिहिले. माणसाला वीज, पूर, रोगराई, मरण यांचं कारण कळत नव्हतं, तेव्हा त्याने भीतीतून देव उभे केले. जसजसं कारण कळत जातं तसतशी त्या देवांची गरज कमी होते, असा त्यांचा युक्तिवाद. चांगलं वागायला देवाची भीती लागत नाही, विवेक पुरतो, हेही त्यांनी सांगितलं आणि तसे वागले. मुलींना शिकवा, लहान वयात लग्नं लावू नका, केशवपन बंद करा म्हणून ते लिहीत राहिले. लोक इतके चिडले की त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता ते गेले. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र देवधर्म मानणाऱ्या होत्या. एकाच घरात एक मानणारी आणि एक न मानणारा असा संसार झाला.

आगरकरांचं म्हणणं समजून घ्यायला आपल्याच भागातली एक गोष्ट पुरेशी आहे. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांनी आपला दंड पाहावा. तिथे गोल खूण आहे. ती देवीच्या लशीची. त्या रोगाचं नावच देवी. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणायचे, औषध द्यायचं नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा आणि शीतलादेवीला गाऱ्हाणं घालायचं. मग लस आली, घरोघरी टोचणारे फिरले. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की हा रोग जगातूनच गेला.

न मानणारी बाई म्हणेल, बघा, नवसाने नाही, सुईने गेला. पण केळव्याच्या शितलादेवीला जाऊन पाहा. रोग गेला तरी देऊळ ओस पडलेलं नाही. मानणारी बाई म्हणेल, देवी म्हणजे फोड नव्हेच. लस शोधणाऱ्याला बुद्धी कुणी दिली? आम्हाला यात दिसतं ते एवढंच, की लस टोचून घेतलेल्या बाईची देवी कुठे गेली नाही, आणि लस नाकारली असती तर लेकरू गेलं असतं.

आपल्या मातीतली गोष्ट

आता घराजवळ येऊ. डहाणूजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी आपल्या सगळ्यांची. चैत्र पौर्णिमेपासून तिची मोठी यात्रा भरते. देवीचं मूळ ठिकाण वर डोंगरावर. अशी कथा सांगतात, की एक गरोदर आदिवासी बाई डोंगर चढताना थकून पडली. देवीला तिची दया आली आणि ती म्हणाली, तू वर येऊ नको, मीच खाली येते. म्हणून पायथ्याशी देऊळ झालं. ही कथा घडली की नाही हे आम्हाला ठरवायचं नाही. पण ज्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना देव कसा हवा होता ते तीत दिसतं. थकलेल्या बाईसाठी खाली उतरणारा.

वारली समाजात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, चौकात पालघाट देवी येते आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. देवाचं काम बाईच्या हातात, याचं आपल्याला केवढं कौतुक वाटतं. पण याच लग्नाच्या आड मोठी गुलामी उभी होती. लग्नाच्या खर्चाला पैसा नसायचा, तो सावकार-जमीनदाराकडून घ्यायचा आणि फेडीसाठी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्यावर वेठबिगार वेगळी. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सोसलं आहे.

१९४५ साली गोदावरी परुळेकर इकडे आल्या. पुण्याच्या, कायदा शिकलेल्या, किसान सभेच्या कार्यकर्त्या. त्या कम्युनिस्ट होत्या, देवावर भरवसा ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्यासमोर बसलेले वारली हिरवा, वाघोबा, गावदेवी, कणसरी यांना मानणारे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही असं ठरवलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. तरी माणसं मागे हटली नाहीत आणि वेठबिगार मोडली. ही सगळी हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आमच्या आजच्या विषयासाठी यातली एकच गोष्ट महत्त्वाची. झरीला देव मानणारे आणि न मानणारी एकाच मांडवात होते. आधी देवाचा निकाल लावू आणि मग वेठ मोडू, असं त्यांनी म्हटलं असतं तर आजही वेठ चालू असती.

असाच एक माणूस विदर्भातला, गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. देवाचं नाव घ्यायचे आणि त्याच कीर्तनात नवसाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, पोरांना शाळेत घाला म्हणून समोरच्यांना प्रश्न विचारत बसायचे. बचत गटाचा पहिला धडा त्यांनीच दिला म्हणा ना. त्याच १९५६ साली, ज्या वर्षी गाडगेबाबा गेले, १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म घेतला. या धम्मात जग निर्माण करणारा देव नाही. शील आहे, करुणा आहे, विचार आहे. आपल्या गटांतल्या बौद्ध मैत्रिणी देवाविना नीतीने जगतात, हे आपण रोज पाहतो.

कायदा काय म्हणतो

आपल्या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. ते पुन्हा पुन्हा सांगायचे, की समितीचा देवाधर्माला विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. नट डॉ. श्रीराम लागू त्यांच्याही पुढे जाऊन म्हणायचे की आता देवाला रिटायर करा. हे दोघं एकाच व्यासपीठावर बसून आपले मतभेद लोकांसमोर मांडायचे, भांडण न करता. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला.

हा कायदा प्रत्येक गटाला माहीत हवा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. एखाद्या बाईवर करणीचा, जादूटोण्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा आहे. पूजा, यात्रा, कीर्तन, उपास यांना हा कायदा हात लावत नाही.

आणि संविधानाचं कलम २५. ते प्रत्येकाला आपल्या बुद्धीप्रमाणे धर्म मानायचं स्वातंत्र्य देतं. न मानायचं स्वातंत्र्यही त्यातच येतं. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. जो नियम शाळेला, तो आपल्या सतरंजीलाही लागू होतो असं आम्हाला वाटतं.

मग गटाने काय केलं

हे सगळं घेऊन आम्ही त्या पाड्यावर तीन बैठकांना गेलो. व्याख्यान दिलं नाही. एकेक गोष्ट सांगितली आणि बायांना बोलू दिलं.

मानणाऱ्या बाया म्हणाल्या, भाताचा दाणा मातीत पडतो आणि त्याची लोंबी होते, हे कुणीतरी करतंच ना? एक म्हणाली, माझा भाऊ सातपाटीला बोटीवर आहे, बोटीत सगळी यंत्रं आहेत, तरी नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय त्याचं मन समुद्रावर जात नाही. मावशी म्हणाली, कुणी बघतंय असं वाटलं की माणूस वाईट करायला बिचकतो.

न मानणारी आता एकटी राहिली नव्हती. एमआयडीसीत जाणारी एक तरुण मुलगी म्हणाली, कंपनीत दसऱ्याला मशीनला हार घालतात, पण मशीन बिघडलं की फिटरलाच बोलावतात. दुसरी म्हणाली, देव बघतो म्हणून वाईट थांबत असतं तर सावकार सगळ्यात मोठी पूजा घालून सगळ्यात जास्त व्याज कसा घेतो? आणि ती आई म्हणाली, “माझं पोर देवाने मारलं असं मी म्हणत नाही. देव वाचवेल म्हणून आम्ही थांबलो, म्हणून ते गेलं. मला एवढंच म्हणायचंय.”

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाय, भगताला बोलवा म्हणून त्या रात्री मीच सांगितलं होतं.” ती उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

देव आहे की नाही याचा निकाल गटाने लावला नाही. तो फुले आणि आगरकर यांच्यातही लागला नव्हता. गटाने तीन ठराव मात्र केले आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. एक, बैठकीच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसायचं. ज्यांना प्रार्थना म्हणायची त्यांनी म्हणावी, ज्यांना नाही त्यांनी बसून राहावं, कुणी कुणाला बोलायचं नाही. दोन, गटातल्या किंवा गावातल्या कुठल्याही बाईला भुताळी म्हटलेलं ऐकलं तर गट तिच्या बाजूने उभा राहील. तीन, आजारपणासाठी निधी वेगळा काढायचा, आणि साप चावला, ताप चढला, बाळंतपण अडलं की आधी १०८ ला फोन, आधी गाडी. नवस करायचा असेल तर गाडीत बसून करायचा.

तिसऱ्या ठरावाचे शब्द मावशीचे आहेत.

पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोन करायला, बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत जायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्या आईने हात वर केला. १०८ आणि जवळच्या दोन गाडीवाल्यांचे नंबर तिच्या घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहेत. या पावसाळ्यात तिला दोनदा धावावं लागलं. दोन्ही वेळा माणसं घरी परत आली.

यंदा महालक्ष्मीच्या यात्रेत गटाने पापड-लोणच्याचा स्टॉल लावला होता. बाया आळीपाळीने दर्शनाला जाऊन आल्या. ती गेली नाही, गल्ल्यावर बसून राहिली. मावशी प्रसाद घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, “खाशील ना?” ती म्हणाली, “खोबरं आहे मावशी, खाईन की.” आणि दोघींनी गिऱ्हाईक बघता बघता ते खाल्लं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाने या तीन प्रश्नांवर बोलावं अशी आमची विनंती आहे. आपल्या गटात कुणी वेगळं मानत असेल तर तिला तसं सांगायला भीती वाटते का? देवाच्या नावावर गेल्या वर्षी गटातल्या कुणी कर्ज काढलं का, आणि ते कशासाठी? आणि रात्री साप चावला तर आपल्या पाड्यावर पहिला फोन कोण करणार? तिचं नाव आजच वहीत लिहा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.